सुई उडू नये म्हणून

फोरमनच्या घरात माणसं चालत नसत, सरकत. टाच आधी टेकायची नाही, चवडा टेकायचा, मग हळूच उरलेलं पाऊल. दार लावायचं ते कडी हातात धरून. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. नवा पाहुणा आला की फोरमनच्या बायको, मास्तरीणबाई, त्याला पाण्याच्या पेल्याबरोबर हे नियमही देत आणि देताना त्यांना स्वतःचीच लाज वाटे. घरात कुणी आजारी असतं तर एक वेळ समजलं असतं. इथं सगळा बंदोबस्त होता तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या एका रेकॉर्ड प्लेअरसाठी.

घर पहिल्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची, फळ्यांखाली जुन्या तुळया. कुणाचा पाय जरा जोरात पडला की हादरा फळ्यांमधून थेट कोपऱ्यात पोचे, सुई रेकॉर्डवरून टुणकन उडे आणि गाणं मध्येच तुटून पुढच्या भलत्याच ओळीवर जाऊन पडे. मग आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेले फोरमन डोळे उघडत. ते ओरडत नसत. ओरडले असते तर परवडलं असतं, मास्तरीणबाईंनाही चार शब्द सुनावता आले असते. ते नुसते बघत, आणि ज्याचा पाय पडला असेल तो चोरी पकडल्यासारखा जागच्या जागी उभा राही.

फोरमन ही पदवी छापखान्यातली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी छपाईची यंत्रं बसवली होती. खोलीएवढी यंत्रं, सुरू झाली की रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या बाटल्या किणकिणायच्या. त्यांना गप्प करायची एकच रीत फोरमनना ठाऊक होती, ती म्हणजे वजन. खड्डा खणायचा, काँक्रीट ओतायचं, तरी थरथर राहिली तर आणखी ओतायचं. हीच रीत त्यांनी घरी आणली. प्लेअरखाली आधी लाकडी टेबल होतं, ते जाऊन लोखंडी आलं. लोखंडी टेबलाच्या पोकळ पायांत वाळू भरली गेली. मग खाली विटा आल्या, विटांवर सिमेंटचा ठोकळा आला. स्पीकरच्या पोटात वाळूच्या पिशव्या गेल्या आणि बुडाखाली ट्रकच्या टायरचे कापलेले तुकडे. प्रत्येक वेळी फोरमन म्हणायचे की आता पाया पक्का झाला. पाया कुठला डोंबलाचा, मास्तरीणबाई मनात म्हणायच्या, आपल्या खाली दातांचे डॉक्टर राहतात, दवाखान्यासकट.

वजन वाढलं तशी जमीन आणखी लवचिक झाली. फळ्या कोपऱ्यात दबल्या, आणि पूर्वी स्वयंपाकघरातलं चालणं सुईला कळत नसे, ते आता कळायला लागलं. फोरमननी त्यातून एवढाच अर्थ काढला की अजून वजन कमी पडतंय.

मास्तरीणबाई शाळेत गणित शिकवायच्या. चाळीस पोरांचा वर्ग त्यांच्या नुसत्या चष्म्याला घाबरायचा. घरी मात्र त्यांनी हात टेकले होते. खरं सांगायचं तर घरात ‘शू’ करायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं होतं. फोरमनवर बघायची वेळ येऊ नये म्हणून बाई आधीच ओठांवर बोट ठेवायच्या. त्यांची एकुलती एक लेक याच बोटाखाली वाढली. ती इतकी बिनआवाजी चालायची की लग्न करून सासरी गेल्यावर सासूबाईंनी महिनाभरात तक्रार केली, ही मांजरासारखी मागे येऊन उभी राहते, माझ्या हातातलं भांडं पडतं. लेकीनं ही गोष्ट फोनवर हसत हसत सांगितली होती. मास्तरीणबाईही हसल्या होत्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना काही केल्या चहा गोड लागेना.

आता त्याच लेकीचा फोन आला होता. जावई दोन वर्षांसाठी जहाजावर निघाले होते, आणि लेकीला याच गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. तिच्याबरोबर तीन वर्षांची बिट्टी. ऐकता ऐकताच मास्तरीणबाईंनी मनातल्या मनात आतल्या खोलीतले पडदेसुद्धा बदलून टाकले. त्यांच्या पायांना आताशा घरात बसून मुंग्या येत होत्या. नात घरात असावी, यापलीकडे त्यांना या वयात काही नको होतं.

पण लेकीनं पुढचं वाक्य सरळच टाकलं.

“आई, माझी पोरगी त्या घरात पळणार. उड्या मारणार, वस्तू पाडणार. बाबांना चालत असेल तर येते. नाहीतर हॉस्पिटलजवळ एक खोली बघून ठेवलीय, तिथं खालीच पाळणाघर आहे. रविवारी येऊन बघते आणि मग त्या घरमालकाला काय ते कळवते.”

मास्तरीणबाई फोन ठेवून दिवाणखान्यात गेल्या, चालू असलेलं गाणं त्यांनी हातानं बंद केलं आणि सगळं सांगितलं. रेकॉर्ड प्लेअर की नात, एवढाच प्रश्न आहे, त्या म्हणाल्या. फोरमननी हनुवटी चोळली. मग म्हणाले, म्हणजे प्रश्न हादऱ्याचा आहे. मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रश्न लेकीचा आहे, त्या म्हणाल्या. तेच म्हणतोय मी, फोरमन म्हणाले, आणि मोजपट्टी शोधायला उठले.

तिथून पुढे घरात जे सुरू झालं त्यानं बाईंच्या नाकी नऊ आले.

पहिल्यांदा फोरमननी घरातल्या घुमणाऱ्या वस्तूंचा फडशा पाडला. म्हणे एकदा बंदोबस्त करायचा तर अर्धवट नको. एका ठरावीक खर्जाच्या सुराला कुठेतरी बारीक झणझण उठते, असं त्यांचं म्हणणं होतं. मास्तरीणबाईंना ती ऐकू येत नव्हती, पण त्यामुळे त्यांची सुटका झाली नाही. फोरमन तो सूर पुन्हा पुन्हा लावत आणि बाई घरभर एकेक वस्तूवर तळहात ठेवत फिरत. भिंतीवरच्या फोटोंच्या चौकटींमागे कापसाचे बोळे लागले. कपाटाच्या काचेला चिकटपट्टी लागली. बशांच्या मध्ये कागद गेले. शेवटी गुन्हेगार सापडला तो चहाच्या किटलीचं झाकण. त्या दिवसापासून किटली झाकणाविना राहिली आणि चहा गार होऊ लागला. मास्तरीणबाईंनी विचारलं, झाकणाचा आणि बिट्टीच्या पळण्याचा संबंध काय? फोरमन म्हणाले, संबंध नाही, पण आता हाताशी आलंच आहे तर.

मग लादी आली. थडग्यावर शोभावी एवढी जाड ग्रॅनाइटची लादी चार माणसांनी जिन्यातून वर आणली, आणि वळणावर ती भिंतीला अशी घासली की पोपडा डॉक्टरांच्या दारात पडला. डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या खुर्चीत एक बाई तोंड उघडं ठेवून बसली होती आणि वर काय चाललंय हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. आजवर फोरमननीच डॉक्टरांच्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या हादऱ्याची त्यांच्याकडे तक्रार केली होती, त्यामुळे डॉक्टरांच्या आवाजात थोडा आनंदही होता. मास्तरीणबाईंनी हात जोडले. फोरमन लादीची कड सांभाळत होते, त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

लादीखाली सायकलची ट्यूब हवा भरून ठेवायची, ट्यूबखाली वाळूचा ट्रे, ट्रेखाली जुना ठोकळा, आणि लादीवर प्लेअर. हे सगळं रचून, वर पाणसळ ठेवून, तिच्या काचेतला बुडबुडा बरोबर मध्ये आल्यावर फोरमननी बायकोला हाक मारली.

“अगं, जरा उडी मार.”

मास्तरीणबाईंनी आधी त्यांच्याकडे आणि मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मी साठी उलटलेली बाई आहे, त्या म्हणाल्या. फोरमननी समजावलं की बिट्टीच्या वजनाचा अंदाज घ्यायचाय, पूर्ण उडी नको, अर्धी चालेल. अर्धी उडी म्हणजे काय असतं हे गणिताच्या बाईंना आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. तरी त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि मारली. लेकीसाठीच तर मारायची होती.

ट्यूब पाण्यातल्या होडीसारखी डुलली, लादी डुलली, सुई रेकॉर्डभर घसरत गेली आणि एक लांब चरचरीत ओरखडा उठला. शिवाय कोपऱ्यातली फळी करकरली, आणि शेजारच्या कपाटाचं दार आपोआप उघडलं ते पुन्हा लागेचना, कारण जमीन लादीच्या वजनानं बोटभर खाली गेली होती.

फोरमन म्हणाले, वजन अजून...

“भिंतीवर टांगा,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांचा बांध फुटला होता. “टांगा ते भिंतीवर, छताला बांधा, गळ्यात अडकवून फिरा. जमिनीवर नको. जमीन माणसांना चालायला असते हो. शनिवार आला, उद्या पोरगी येईल, हे थडगं बघेल आणि जिन्यातूनच परत जाईल. मग ऐका एकटे बसून. मी जाईन तिच्या त्या खोलीत राहायला, सांगून ठेवते.”

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार आपटलं. चांगलं खणखणीत आपटलं, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की आणखी एकदा उघडून आपटावं असंही मनात आलं.

फोरमन बाहेर बसून राहिले. भिंतीवर कॅलेंडर लावतात, यंत्र नाही, असं ते दुपारभर पुटपुटत होते, ते आत ऐकू येत होतं. यंत्र जमिनीत रुतवायचं असतं, छापखान्यात कुणी भिंतीला यंत्र टांगलं असतं तर त्याला नोकरीवरून काढला असता. संध्याकाळी पुटपुटणं थांबलं. नंतर भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकल्याचा आवाज आला. एका जागी पोकळ, जरा पुढे कमी पोकळ, आणि बाहेरच्या रस्त्याच्या अंगाला, जिथं घराचा दगडी भाग होता, तिथं काहीच नाही, जसं टेकडीवर ठोकावं.

रविवारी सकाळी त्यांनी चहाही न घेता ड्रिल काढलं. दगडात चार भोकं, चार जाड बोल्ट, दोन लोखंडी ब्रॅकेट, वर कपाटातून काढलेली एक जाड फळी. फळी जमिनीला कुठेच टेकत नव्हती. प्लेअर वर गेला, पाणसळ ठेवली, तारा लावल्या. जेवणाची पानं मांडायच्या आत सगळं आटपलं होतं. फोरमननी सुई टेकवली, दोन पावलं मागे आले आणि जमिनीवर पाय आपटला. आधी हलका, मग जोरात. गाणं चालूच राहिलं. त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत धावत जाऊन परत धावत येऊन बघितलं. मास्तरीणबाई हातात पळी घेऊन दारात आल्या आणि बघतच राहिल्या. हा माणूस घरात धावलेला त्यांनी लग्नानंतर कधी बघितला नव्हता.

गाणं चालू होतं. ओरखडा आला तिथं तेवढं टिकटिकत होतं, पण एकही ओळ सुटली नाही.

ठरल्याप्रमाणे दुपारी लेक आली. दार उघडलं तेव्हा मास्तरीणबाईंना पहिल्यांदा दिसली ती बिट्टी. तिनं उंबऱ्याबाहेरच बूट काढले होते, दोन्ही हातांत एकेक धरले होते, आणि ती चवड्यांवर आत आली. कुणी काही सांगितलं नव्हतं. मागच्या भेटीत मास्तरीणबाईंनी एकदाच, फक्त एकदाच, तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं होतं. त्यांना भडभडून आलं आणि स्वतःचा संतापही आला.

फोरमनचं त्याकडे लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. ये, ये, म्हणत त्यांनी नातीला भिंतीसमोर उभं केलं, गाणं लावलं आणि म्हणाले, आता मार बघू उडी. बिट्टीनं आईकडे बघितलं. अगं मार, आजोबा सांगताहेत ना, मोठी मार, ते म्हणाले. बिट्टी बूट छातीशी धरून चवड्यांवर उभीच राहिली. त्यांनी खाऊ कबूल केला. स्वतः पाय आपटून दाखवला, तशी ती दचकून आईच्या मागे गेली.

“ती या घरात उडी मारत नाही, बाबा,” लेक म्हणाली.

“अगं पण आता मारली तरी चालतं. हे बघ, भिंतीवर घेतलं. जमिनीशी संबंधच नाही ठेवला. तू म्हणाली होतीस ना, म्हणून केलं.”

लेक पुढे गेली. तिनं फळीखालून हात फिरवला, ब्रॅकेट बघितले, बोल्ट बघितले. प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी, एकेक गोष्ट नीट बघितल्याशिवाय बोलायची नाही. कोपऱ्यातली लादी, ट्यूब, वाळू, सगळ्यावरून तिची नजर फिरली.

“किती वेळ लागला याला?”

“सकाळी हात घातला,” फोरमन अभिमानानं म्हणाले, “जेवायच्या आत संपलं.”

लेकीनं एका बोल्टवर अंगठा दाबून बघितला. मास्तरीणबाईंना तिच्या तोंडाकडे बघवेना, तरी त्यांनी नजर काढून घेतली नाही. नवऱ्याला खूण करावी असं त्यांना वाटलं, पण कसली खूण करणार? तो बिचारा शाबासकीची वाट बघत उभा होता.

“मी लहान होते, बाबा,” लेक म्हणाली, “तेव्हा ही भिंत इथंच होती ना?”

फोरमन बोलायला लागले. छापखान्यातल्या यंत्रांबद्दल म्हणाले, पायाबद्दल, वजन खालीच द्यावं लागतं याबद्दल. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर आलं आणि पुढे सरकेना. त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग ते म्हणाले, “होती.”

लेकीनं उडी मारली.

दोन्ही पाय जुळवून, टाचांवर, सगळं वजन देऊन. फळ्या धाडकन वाजल्या, कपाटाच्या काचा चिकटपट्टीसकट थरारल्या. गाणं जराही हललं नाही. तिनं पुन्हा मारली. मग थांबलीच नाही. बत्तीस वर्षांची बाई, खांद्याला पर्स लटकलेली, केस सुटलेले, एकेक उडी आधीच्या उडीपेक्षा जोरात, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायलाही थांबत नव्हती. मास्तरीणबाईंचं बोट सवयीनं ओठांकडे निघालं होतं. त्यांनी ते मुठीत आवळून धरलं.

बिट्टी आजीला येऊन चिकटली होती. आई उड्या मारते हे तिनं बघितलं, कुणी रागावत नाही हेही बघितलं. तिनं एक बूट खाली टाकला. तो पडला, वाजला, आणि काही झालं नाही. मग तिनं दुसराही टाकला.

दारावरची घंटा वाजली. ते डॉक्टर असणार हे सगळ्यांनाच कळलं. फोरमननी आधी भिंतीपाशी जाऊन सुई उचलली आणि गाणं बंद केलं, मग दार उघडलं. वर काही पडलं का, छताची माती खाली रुग्णाच्या अंगावर येतेय, असं डॉक्टर विचारत होते.

“काही पडलं नाही,” फोरमन म्हणाले. “माझी मुलगी आहे. तिचा आवाज आहे तो.”

आणि त्यांनी दार लावलं. कडी धरायची त्यांना आठवण राहिली नाही.

ते परत आले तेव्हा लेक कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. गाण्याविना घर मोठं वाटत होतं.

“त्या घरमालकाला खोली नको म्हणून कळवते,” ती म्हणाली. “आईसाठी. बिट्टीला आजी हवी म्हणून. पण बाबा, मला तुमचा फार राग आलाय. तो असा एका दिवसात जायचा नाही.”

फोरमननी मान हलवली. मास्तरीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलं की आपण मध्ये पडायचं नाही.

“रागव,” ते शेवटी म्हणाले. “हवं तितकं रागव, बाळा. पण इथं राहून रागव.”